मुंबई ते लंडन किती लांब?

परवा शेजारचा सातवीतला मुलगा वही घेऊन आला. शाळेत त्यांना दूरच्या दोन शहरांमधील अंतर आणि विमानाला लागणारा वेळ असा काहीतरी प्रकल्प दिला आहे. "आजोबा, तुमची ताई लंडनला असते ना? म्हणून मी मुंबई-लंडन घेतलंय. किती किलोमीटर आणि किती तास, एवढंच सांगा." खरे म्हणजे त्याला हे मोबाइलवर दोन मिनिटांत सापडले असते. पण त्याच्या आईने "सरांना विचारून ये" म्हणून पिटाळले असणार. मी सांगितले, अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि थेट विमानाला साधारण नऊ ते दहा तास. त्याने लिहून घेतले, बेसनाचा लाडू खाल्ला आणि पळाला.

तो गेल्यावर मला चुटपुट लागली. आयुष्यभर साताऱ्यात इतिहास आणि भूगोल शिकवला आणि पोराला दिले काय, तर दोन आकडे! आकडे बरोबरच आहेत. पण या दोन शहरांमधले अंतर गेल्या अडीचशे वर्षांत किती वेळा बदलले, आणि कुणासाठी बदलले, ते त्या आकड्यांत कुठेच नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

आधी भूगोल. वर्गात मी पृथ्वीगोल आणि एक दोरा घेऊन जात असे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मुंबई आणि लंडन जोडले, तर रेघ अरबस्तानाच्या बाजूने आणि भूमध्य समुद्रावरून जाते. मुले म्हणत, हाच जवळचा रस्ता. मग मी गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरी. दोरा नकाशाचे ऐकत नाही. तो मुंबईहून निघून थेट कराचीवर जातो. पुढे इराणची पूर्व बाजू आणि कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक गाठतो. बरोबर अर्ध्या वाटेवर तो जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळ असतो. तिथून क्रिमिया, युक्रेन, प्राग आणि बेल्जियमवरून तो लंडनला पोचतो. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा रस्ता हा. ७,२०० किलोमीटर म्हणतात ते या दोऱ्याचे.

आता जहाजाचा रस्ता पाहा. सुवेझ कालव्यातून गेले तर मुंबई-लंडन अंतर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर भरते, आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून गेले तर जवळजवळ वीस हजार. शहरे तीच दोन आणि अंतरे तीन. कालवा खुला झाला १८६९ साली. त्याआधी जे कोणी जहाजाने थेट गेले, ते सगळे वीस हजारांच्या रस्त्याने गेले.

त्या जुन्या वाटेने आपल्याकडचे फार लवकर गेलेल्यांपैकी एक म्हणजे हणमंतराव. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांची मदत मिळवायला राघोबादादांनी त्यांना विलायतेला पाठवले. सोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ होते. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. ब्राह्मणाचा सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक तिथे करायचा कुठे? एडमंड बर्क या नामांकित संसदपटूने त्यांना आपल्या घरी नेले आणि बागेतले काचेचे घर स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. विलायती फुलझाडांच्या जागी चूल मांडलेली आणि त्यावर भात रटरटतो आहे! पण ज्या कामासाठी गेले ते काही साधले नाही. पुढच्याच वर्षी, मे १७८२ मध्ये, इकडे सालबाईचा तह झाला आणि राघोबांचा दावा कायमचा निकालात निघाला. शिडाच्या जहाजाला एका बाजूच्या प्रवासाला पाच-सहा महिने सहज लागत. पत्राचे उत्तर वर्षाच्या आत आले तर नशीब. लंडनमध्ये एखाद्या गोष्टीवर विचार सुरू होईपर्यंत ती गोष्ट इकडे शिळी झालेली असे.

हे अंतर कमी करण्याची घाई कुणाला होती? यात्रेकरूंना नव्हती, विद्यार्थ्यांना नव्हती. ती होती राज्यकर्त्यांना आणि व्यापाऱ्यांना. वीस हजार किलोमीटरवरून राज्य चालवायचे तर हुकूम लवकर पोचला पाहिजे आणि वसुलीचा हिशेब लवकर परत आला पाहिजे. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुवेझकडे निघाली. ती बांधली होती मुंबईच्याच वाडिया घराण्याच्या कारागिरांनी. एडनसारख्या ठिकाणी कोळसा भरत भरत ती महिनाभराने सुवेझला पोचली. निघताना इतका कोळसा भरून घ्यावा लागला होता, की माणसांना आणि मालाला जागा उरली नव्हती. खर्चाच्या दृष्टीने हा तोट्याचाच व्यवहार. पण तांबड्या समुद्रातून वाफेवर जाता येते हे त्या खेपेने सिद्ध केले. मग सुवेझला उतरायचे, वाळवंटातून सुमारे १३० किलोमीटर तुडवत कैरो गाठायचे, नाईल आणि कालव्याने अलेक्झांड्रिया, आणि तिथून दुसरी बोट. या खुष्कीच्या मार्गाने टपाल दीड-दोन महिन्यांत लंडनला पोचू लागले. सहा महिन्यांचे दीड-दोन महिने झाले. लहानसहान गोष्ट नव्हे ही.

आणि नेमक्या याच काळात आमच्या साताऱ्याचा एक माणूस लंडनला गेला. रंगो बापूजी गुप्ते.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत केले. आरोप काय, तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी कट केला आणि कंपनीच्या देशी पलटणीतल्या अधिकाऱ्यांना फितवले. महाराजांना काशीला पाठवण्यात आले. आपल्याला न्यायासनापुढे उभे करा आणि पुरावा दाखवा, एवढीच महाराजांची मागणी होती. मुंबईचा गव्हर्नर ऐकत नाही, तर त्याच्या वरच्यांकडे जाऊ, असे ठरले. वरचे बसत लंडनला. म्हणून रंगो बापूजी तिथे गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत तिथेच राहिले.

तेरा वर्षे! या काळात त्यांनी अर्ज केले, निवेदने छापून वाटली आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून महाराजांचा प्रश्न उपस्थित करवला. जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम अशी न्यायाची चाड असलेली इंग्रज माणसे त्यांच्या बाजूने बोललीही. मते पडली, ठराव फेटाळले गेले, पुन्हा अर्ज झाले. मध्येच ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो धनीच गेला. पुढच्या वर्षी गादीवरचे त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज वारले आणि दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्यच खालसा केले गेले. म्हणजे आता ज्या राज्यासाठी भांडायचे, तेही उरले नाही. तरी हा माणूस आणखी काही वर्षे लंडनमध्ये दारे ठोठावत राहिला. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र मोठ्या तळमळीने लिहिले आहे. मिळाले तर जरूर वाचावे.

वर्गात मी हा भाग शिकवताना मुलांना एक हिशेब घालत असे. आगबोटीमुळे मुंबई-लंडन अंतर सहा महिन्यांवरून दीड-दोन महिन्यांवर आले. मग रंगो बापूजींना तेरा वर्षे का लागली? हुशार मुले लगेच म्हणत, "सर, तिथं त्यांचं कुणी ऐकतच नव्हतं." बरोबर. रस्ता जवळ झाला होता, पण तो हुकमांसाठी. अर्जासाठी तो होता तेवढाच लांब राहिला. लीडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीपासून रंगो बापूजी राहत होते ती खोली फार तर काही मैलांवर असेल. ते काही मैल त्यांना तेरा वर्षांत ओलांडता आले नाहीत.

१८५३ मध्ये ते परत आले. पुढची गोष्ट सातारकरांना माहीत आहे. १८५७ साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघडकीला आली. त्या सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा दिली गेली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले ते कायमचे. त्यांचे पुढे काय झाले, हे इंग्रजांना कधीच कळले नाही. तेरा वर्षे सनदशीर मार्गाने अर्ज करणारा माणूस शेवटी त्या वाटेला का गेला, हे विचारायला त्याच्याकडे कुणी फिरकले नाही.

सत्तावन्नच्या उठावाची बातमी लंडनला केव्हा पोचली? मेरठला १० मे रोजी भडका उडाला आणि लंडनला कळले जूनच्या अखेरीस. दिल्ली जाऊन दीड महिना झाला तरी लंडनमध्ये सर्व आलबेल! या धक्क्यानंतर तारायंत्राच्या कामाला जोर चढला. १८७० मध्ये मुंबईहून समुद्राखालून टाकलेली तार इंग्लंडच्या पोर्थकर्नो गावापर्यंत जोडली गेली आणि निरोप काही मिनिटांत जाऊ लागला. त्याच्या आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, सुवेझ कालवा खुला झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-लंडन प्रवास तीन आठवड्यांवर आला. सावरकर ९ जून १९०६ रोजी मुंबईहून निघाले आणि जुलैच्या पहिल्या दिवसांत लंडनला पोचले.

मग आले विमान. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत सेवा सुरू केली. लागत सात दिवस. आणि सगळा प्रवास विमानाचा नव्हे बरे का! ब्रिटिश विमानांना इटलीत शिरायची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून बासेलला उतरून आगगाडीने जिनोआ गाठायचे, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियाला जायचे, आणि पुढे कैरोहून तिसऱ्या विमानाने कराची. कराचीला उतरलेले टपाल मुंबईला यायचे आगगाडीने. हा तुकडा जोडला जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाचे छोटे पस मॉथ विमान स्वतः चालवत ते अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. आमच्या दोऱ्यावर कराची येते, ती अशी इतिहासातही येते.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि १० जूनच्या सकाळी उतरले. एका बाजूचे भाडे १,७२० रुपये. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्या सुमारास त्यांना महिना चाळीस रुपये मिळत. साडेतीन वर्षांचा सगळा पगार दिला असता तरी एकाच बाजूचे तिकीट आले असते! नोव्हेंबर १९५० मध्ये हेच विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराला धडकले आणि त्यातले सर्व ४८ जण मरण पावले. अंतर कमी करण्याची ही किंमतही लक्षात ठेवायला हवी. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने या मार्गावर आली आणि लंडन एका दिवसाच्या आत आले.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की अंतर सतत कमीच होत गेले. तसे नाही. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुवेझ कालवा बंद पडला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. आठ वर्षे जहाजे पुन्हा केपला वळसा घालत होती, हणमंतरावांच्या काळासारखी. आकाशाचेही तेच. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. गोलावर ताणलेला माझा दोरा या दोन्ही देशांवरून जातो. म्हणजे तो सरळ रस्ता पृथ्वीने दिलेला आहे, पण वापरू द्यायचा की नाही ते माणसे ठरवतात.

आता घरचे सांगतो. माझा थोरला भाऊ १९७१ साली नोकरीसाठी लंडनला गेला. निळ्या एरोग्रामवर त्याचे पत्र येई. आई ते आठ दिवस देवघरात ठेवी. १९७६ मध्ये वडील गेले. मी पोस्टात जाऊन तार केली. ती दादाला दुसऱ्या दिवशी मिळाली, तिसऱ्या दिवशी विमानात जागा मिळाली आणि पाचव्या दिवशी तो साताऱ्यात आला. वडिलांचे दर्शन झाले नाही, पण दहाव्याला तो होता. "निदान एवढं तरी झालं," असे तो पुढे अनेकदा म्हणे. तेव्हा मला वाटले होते की आणखी वीस-पंचवीस वर्षांनी कुणावर अशी वेळ येणार नाही.

एप्रिल २०२० मध्ये माझी पत्नी गेली. हृदयविकाराचा झटका आला आणि तासाभरात सगळे संपले. लंडनला मुलीला कळायला एक मिनिटही लागले नाही, कारण ती मोबाइलच्या पडद्यावर समोरच होती. आंतरराष्ट्रीय विमाने मार्चच्या चौथ्या आठवड्यापासूनच बंद होती. घरातून स्मशानात आम्ही मोजकी माणसे गेलो. भाच्याने फोन हातात धरला होता. मुलीने आपल्या आईला शेवटचे पाहिले ते त्या वितभर पडद्यावर, आणि तेवढ्यात चित्र गोठले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अग्नी दिलेला होता. ती ऑगस्टमध्ये येऊ शकली. विलगीकरणाचे दिवस संपवून घरी आली, तेव्हा आईची साडी हातात घेऊन दिवसभर बसून होती. १९७६ मध्ये पाच दिवसांचे असलेले लंडन २०२० मध्ये चार महिन्यांचे झाले.

त्या चार महिन्यांत मला रंगो बापूजी फार आठवले. त्यांचे दुःख आणि आमचे दुःख एका मापाचे नाही, हे मला समजते. विमाने बंद ठेवली ती साथ आटोक्यात यावी म्हणून. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण काशीला महाराज वारल्याची बातमी त्यांना लंडनच्या खोलीत कशी कळली असेल, बातमी हातात पडली तेव्हा क्रियाकर्म केव्हाच आटोपले आहे हे त्यांनी कसे सोसले असेल, हे मी इतकी वर्षे शिकवले होते, पण मला ते कळले नव्हते. वर्गात मी ती ओळ वाचून पुढे जात असे. आज शिकवायचे झाले, तर तिथे जरा थांबेन.

असो. गेल्या महिन्यात मुलगी येऊन गेली. तिचे विमान मी मोबाइलच्या नकाशावर रात्रभर पाहत होतो. दोरा जातो त्याच्या बरेच खालून ते चालले होते. ७,२०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून ती सकाळी मुंबईला उतरली. मुंबई ते सातारा हे २६० किलोमीटर यायला तिला पुढे साडेसहा तास लागले, कारण घाटात ट्रक उलटला होता. दारात पाऊल टाकताच म्हणाली, "बाबा, लंडन जवळ आहे. खंडाळाच लांब आहे." पुष्कळ दिवसांनी घरात मोठ्याने हसू आले.

शेजारच्या मुलाला मी उद्या पुन्हा बोलावले आहे. पृथ्वीगोल माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे. दोरा काही सापडला नाही. पत्नीच्या शिवणाच्या डब्यात एक लाल रीळ होते, तेच घेतो.